चिकटलेल्या ब्रेकचा इतिहास

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मुंबईच्या एका उपनगरात राहणाऱ्या माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांचा निरोप आला. त्यांच्या वडिलांनी फार वर्षांपूर्वी, मायदेशी परत जाणाऱ्या एका परदेशी गृहस्थाकडून विकत घेतलेली इंग्रजी बनावटीची दोन आसनी मोटार दोन पावसाळे गॅरेजात उभी होती. ती उन्हात काढावी म्हणून चौघांनी मिळून ढकलली, तर ती तसूभरही हलेना. गिअर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक सोडलेला. तरीही पुढचे डावे चाक जमिनीत रोवल्यासारखे घट्ट. "तुम्ही इतिहासाचे एम. ए., जुन्या वस्तूंची तुम्हांला हौस. एकदा येऊन पाहा तरी," असे त्यांनी काहीशा विनोदाने कळविले होते. मी सरकारी नोकर. मोटारीच्या यंत्राशी माझा संबंध लॉगबुकावर सही करण्यापलीकडे फारसा कधी आलेला नव्हता. तथापि गेलो खरा.

मी पोहोचलो तेव्हा एक वयोवृद्ध मिस्त्री चाक काढून बसले होते. त्यांनी मला जे दाखविले ते प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढील हकीगत त्यावाचून उलगडणार नाही. चाकाबरोबर फिरणारी लोखंडाची एक जाड तबकडी असते. तिच्या दोन्ही अंगांना घर्षणद्रव्याचे दोन पॅड असतात, आणि त्या पॅडांना कवेत धरणारे, कॅलिपर नावाचे एक घर असते. चालकाने पायाने पट्टी दाबली की बारीक नळ्यांतील द्रव त्या घरातील दट्ट्यांना पुढे लोटतो आणि दट्टे पॅडांना तबकडीवर दाबतात. पाय उचलला की सर्वांनी मागे सरावयाचे. हे मागे सरणे केसाच्या जाडीइतके असते, आणि तेच येथे थांबले होते. दट्ट्याच्या ज्या भागावर एरवी चकचकीत मुलामा असतो त्यावर तांबेऱ्याचे फोड उठले होते, पॅडांच्या पोलादी पाठी कॅलिपरच्या कडांशी गंजाने सांधल्या गेल्या होत्या, आणि तबकडीवर पॅडाच्या आकाराचा एक काळपट ठसा उमटला होता.

"साहेब, ब्रेक लागत नाही म्हणून लोक धावत येतात," मिस्त्री म्हणाले, "सुटत नाही म्हणून कोणी येत नाही. चाकातून धूर निघाला म्हणजे मग येतात."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. मोटारीचा इतिहास आपण वाचतो तो वेगाचा इतिहास म्हणून वाचतो. त्यात कोणी थांबण्याचा इतिहास लिहिला तर तोही 'ब्रेक किती घट्ट धरतो' एवढ्याच अंगाने लिहिला जातो. परंतु जुने दाखले चाळू लागल्यावर माझी अशी खात्री झाली की, या तबकडीच्या ब्रेकला जगन्मान्यता मिळावयास जो अर्धशतकाचा अवधी लागला, त्यातील बराचसा धरलेले नीट सोडता येत नव्हते यामुळे लागला.

आरंभ १९०२ साली होतो. त्या एकाच वर्षी दोन कल्पना पुढे आल्या. फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रमचा ब्रेक आणला. चाकाला जोडलेला पोकळ डबा, आणि त्याच्या आतून बाहेरच्या बाजूस फाकणारे दोन अर्धचंद्राकार जोड, अशी त्याची रचना. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तबकडीच्या ब्रेकचे पेटंट घेतले. लँचेस्टर हे विलक्षण बुद्धीचे गृहस्थ. विमानविद्येवर आणि युद्धातील संख्याबलाच्या गणितावरही त्यांनी लिहिले आहे. परंतु त्यांच्या तबकडीला धरणारे पॅड तांब्याचे होते, आणि धातूवर धातू घासल्याने जो किंकाळीसारखा आवाज होई तो रस्त्यावरील माणसांना आणि जनावरांना सोसवत नसे. शिवाय त्या काळच्या रस्त्यांवरील धूळ व चिखल उघड्या तबकडीवर बसे. ड्रम बंद असल्यामुळे आतील भाग त्या मानाने कोरडा राही. रेनोंची कल्पना जिंकली आणि लँचेस्टरांची जवळजवळ पन्नास वर्षे बासनात गेली.

मधल्या काळात एक मोठी सुधारणा झाली ती द्रवाची. माल्कम लॉकहीड नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने तारा आणि सळया यांऐवजी बंद नळीतील द्रवाच्या दाबाने ब्रेक लावण्याची युक्ती काढली व १९१७ मध्ये तिचे पेटंट घेतले. १९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत ती चारही चाकांना लावली गेली. आज आपल्या देशातील लहानात लहान मोटारीतही तीच युक्ती आहे. दाब सर्व चाकांना सारखा पोहोचतो हा तिचा गुण. पण तिने एक नवा दोषही आणला. तारेने ओढलेला ब्रेक सोडावयास स्प्रिंग पुरते, द्रवाने दाबलेला ब्रेक सुटावयाचा तर त्या द्रवाला परत जाण्याची वाट मोकळी असावी लागते.

तबकडीचे पुनरुज्जीवन विमानांनी केले. वजनदार आणि वेगवान विमान थोड्या धावपट्टीत थांबवावयाचे तर ड्रममध्ये कोंडणारी उष्णता परवडणारी नव्हती. तबकडी उघडी असल्यामुळे तिची उष्णता वारा वाहून नेतो. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत ही विद्या विमानाच्या चाकांवर चांगली रुळली होती, आणि शांतता होताच ती रस्त्यावर आणण्याचा मोह काही जणांना झाला.

त्यांतील एका धाडसी गृहस्थाची कथा आकाशवाणीच्या श्रोत्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील पॉवेल क्रॉस्ली हे स्वस्त रेडिओ संच घरोघर पोहोचविणारे कारखानदार. त्यांच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या केंद्राने १९३४ साली पाच लक्ष वॉट शक्तीने प्रक्षेपण सुरू केले होते. पुढे शीतकपाटे विकूनही त्यांनी पैसा केला. परंतु त्यांचे खरे स्वप्न होते लहान, स्वस्त मोटारीचे. १९४९ साली त्यांनी 'हॉटशॉट' या नावाची एक चिमुकली स्पोर्ट्स कार बाजारात आणली. तिचे इंजिन जेमतेम ७२२ घनसेंटिमीटरांचे, दारे नाहीत, आणि पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. आणि या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या गाडीच्या चाकांना, मोठमोठ्या श्रीमंती मोटारींजवळ नव्हते असे, विमानाच्या नमुन्यावरून केलेले तबकडीचे ब्रेक होते.

ब्रेक लागत उत्तम. पण त्यांची घरे ॲल्युमिनियमची होती आणि आतील काही भाग पोलादाचे. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. ते खारे पाणी या दोन विजातीय धातूंच्या मध्ये शिरले की तेथे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होऊन ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीने फुगते. दट्टे जाम होत, आणि ब्रेक लागलेले राहत किंवा लागेनासे होत. विमानाला हा त्रास फारसा होत नसे; त्याची चाके दररोज कोणीतरी डोळ्यांखालून घालतो आणि खाऱ्या चिखलातून ती तासन्तास धावत नाहीत. क्रॉस्लींना वर्षभरात, १९५० मध्ये, पुन्हा ड्रमकडे वळावे लागले. दैवदुर्विलास असा की, त्यांचे मूळचे इंजिनही अशाच रोगाने गाजले होते. पोलादी पत्रे तांब्याने सांधून ते केलेले असे, आणि त्या सांध्याशीही दोन धातूंचे हेच वैर उभे राहून पाण्याच्या बाजूने भोके पडत. १९५० च्या अखेरच्या दिवशी फ्लॉरिडातील सेब्रिंग येथे सहा तासांच्या शर्यतीत, इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे गुण धरले असता, एक हॉटशॉट पहिली आली. पण तोपर्यंत ब्रेकची कीर्ती जावयाची ती गेली होती, आणि १९५२ मध्ये क्रॉस्लींनी मोटारींचा कारखानाच बंद केला. कल्पना बरोबर, धातू चुकलेला. मला तर या गृहस्थाविषयी, त्याच्यानंतर यशस्वी झालेल्यांपेक्षा अधिक आपुलकी वाटते.

यश आले ते इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे. डनलॉप कंपनी विमानांसाठी तबकडीचे ब्रेक करीत होती, आणि जॅग्वार कंपनीला फ्रान्समधील ल मान येथील चोवीस तासांची शर्यत जिंकावयाची होती. दोघींनी हातमिळवणी केली. जॅग्वारचे परीक्षक चालक नॉर्मन ड्यूइस यांनी महिनोन्महिने, मैलोगणती, गाडी वेगाने नेऊन थांबविण्याचा उद्योग केला. त्या काळच्या अडचणींची यादी पाहिली तर त्यांतील बहुतेक आजच्या कोणाही मिस्त्रीच्या ओळखीच्या निघतील. द्रव उकळून त्याची वाफ होणे आणि मग पट्टी दाबली तरी पायाखाली काहीच न लागणे, ही पहिली. चाकाच्या कंपनाने पॅड प्रमाणाबाहेर मागे ढकलले जाणे, ही दुसरी. आणि उलटपक्षी, पॅड पुरेसे मागे न सरून तबकडीला घासत राहणे, ही तिसरी. या तिसऱ्या दुखण्यावर डनलॉपच्या रचनेत दट्ट्याच्या पोटात एक खुंटी बसविलेली असे. ती दट्ट्याला मोजके मागे ओढी, आणि पॅड झिजत जाईल तशी स्वतः पुढे सरके.

१९५२ च्या जूनमध्ये फ्रान्समधील रँस येथे स्टर्लिंग मॉस यांनी असे ब्रेक लावलेली जॅग्वार 'सी टाइप' पहिली आणली. पुढच्या वर्षी ल मान येथे टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी चोवीस तास मिळून ताशी १०५.८५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १७० किलोमीटरांच्या, सरासरीने शर्यत जिंकली; दुसऱ्या व चौथ्या क्रमांकावरही त्याच जातीच्या गाड्या आल्या. ल मानच्या लांबच लांब सरळ रस्त्याच्या शेवटी प्रत्येक चालकाला जवळजवळ काटकोनात वळावे लागे. ड्रमवाले ब्रेक जपण्यासाठी आधीपासूनच वेग उतरवीत, जॅग्वारवाले वळणाच्या पुष्कळ जवळ जाऊन पाय दाबीत. चोवीस तास पुनःपुन्हा मिळालेली ती थोडीथोडी अंतरे शेवटी मोठी झाली.

या विजयाची दुसरी बाजू दोन वर्षांनी दिसली. ११ जून १९५५ रोजी त्याच रस्त्यावर माइक हॉथॉर्न यांनी आपली जॅग्वार पेट्रोल घेण्यासाठी उजवीकडे घेऊन एकाएकी वेग उतरविला. मागून येणारे लान्स मॅकलिन यांनी आपली ऑस्टिन-हीली डावीकडे काढली, आणि तिच्यावर पियेर लव्हेग यांची मर्सिडीज आदळून प्रेक्षकांच्या बांधावर उडाली. ऐंशीहून अधिक प्रेक्षक आणि स्वतः लव्हेग मृत्यू पावले. तबकडीच्या ब्रेकची गाडी लवकर थांबली आणि मागची जुन्या ब्रेकची थांबू शकली नाही, असे या अपघाताचे सोपे निदान पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. मॅकलिन यांच्यापुरते ते टिकत नाही, कारण त्यांच्या गाडीलाही चारही चाकांना तबकड्याच होत्या. मर्सिडीजला मात्र ड्रम होते. आणि त्यांची उणीव भरून काढण्यासाठी चालकाच्या पाठीमागे वाऱ्याच्या तोंडी उभी राहणारी एक मोठी धातूची फळी बसविलेली होती. फ्रेंच चौकशीने कोणाही एका चालकाला दोषी धरले नाही. रस्ता अरुंद, पेट्रोल घेण्याची जागा रस्त्याला लागूनच आणि गाड्यांचे वेग परस्परांहून फार भिन्न, हे सर्व तेथे एकवटले होते. माझ्या मते ज्यांच्या थांबण्याच्या शक्तीत इतका फरक आहे अशा गाड्या एका रस्त्यावर सोडणे हीच मूळ चूक होती, आणि ती कोणा चालकाची नव्हती.

यानंतर तबकडी शर्यतीच्या मैदानाबाहेर झपाट्याने आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सित्रोएन 'डीएस' च्या पुढील चाकांना ती होती; १९५६ मध्ये ट्रायम्फच्या 'टीआर ३' ला मिळाली; १९६१ साली जिनिव्हा येथे प्रकट झालेल्या जॅग्वार 'ई टाइप' च्या चारही चाकांना होती. या शेवटच्या गाडीचे मागील ब्रेक चाकांत नसून आत, डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांना असत. शर्यतीच्या दृष्टीने ही रचना उत्तम, कारण चाकांवरील भार कमी होतो. पण तेथे वारा पोहोचत नाही, वरून तेल झिरपण्याची भीती, आणि मिस्त्रीचा हात तर मुळीच पोहोचत नाही. ज्या भागाला हात लागत नाही त्याची निगा राहत नाही हा अनुभव सरकारी कचेरीतील दप्तरखान्यालाही येतो, असो. २००८ साली जॅग्वार कंपनी टाटा मोटर्सच्या मालकीची झाली, आणि कॉव्हेंट्रीच्या या साऱ्या वारशाचा एक धागा मुंबईच्या बॉम्बे हाउसपर्यंत येऊन पोहोचला.

दट्ट्यातील त्या खुंटीची जागा पुढे एका अतिशय साध्या वस्तूने घेतली. कॅलिपरच्या आतील खाचेत चौकोनी काटाचे एक रबरी कडे बसवितात आणि दट्टा त्यातून जातो. दाब आला की दट्ट्याबरोबर रबर थोडे कलते, दाब गेला की ते आपल्या मूळ आकारास येते आणि येताना दट्ट्याला मागे आणते. मागे आणणारी दुसरी स्प्रिंग तेथे नसते. सारी मदार त्या रबराच्या लवचिकतेवर आणि दट्ट्याच्या गुळगुळीतपणावर. म्हणून दट्ट्यावर तांबेऱ्याचा एक फोड आला तरी ब्रेक अडतो.

आणि तांबेरा येतो कोठून, तर द्रवातून. ब्रेकचा नेहमीचा द्रव ग्लायकॉलच्या जातीचा असतो व हवेतील ओल शोषून घेतो. रबरी नळ्यांतून, टाकीच्या झाकणातून ही ओल वर्षानुवर्षे आत येत राहते. 'डॉट ३' या प्रतीचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की हा दंडक १४० अंशांवर येतो. कोकणपट्टीच्या हवेत उभ्या असलेल्या गाडीचा द्रव दोन वर्षांनी तरी बदलावा असे जाणते सांगतात ते यासाठीच. न चालविलेली गाडी सुरक्षित राहते ही आपली समजूत ब्रेकच्या बाबतीत उलटी ठरते.

आमच्या मिस्त्रींनी निदान केले त्याची पद्धत मला फार आवडली. प्रथम त्यांनी कॅलिपरवरील हवा काढण्याचा बारीक स्क्रू सैल केला. त्याने चाक मोकळे झाले असते तर दोष कॅलिपरात नसून मागे, बहुधा रबरी नळीत, असा अर्थ. जुनी नळी आतून सुजते. पायाच्या जोराने द्रव पुढे जातो, पण परत येण्यास त्याला जोर नसतो. येथे द्रवाचे चहासारखे तपकिरी थेंब आले आणि चाक जागचे हलले नाही. मग खुंट्या काढून पॅड लाकडी हातोडीने आडवे ठोकून सोडविले. दट्टे बाहेर काढण्यासाठी त्यांनी कॅलिपर नळीला जोडलेलेच ठेवले, मध्ये लाकडाचा ठोकळा धरला आणि माझ्या स्नेह्यांना हळूहळू पट्टी दाबावयास सांगितले. हवेच्या पंपाने दट्टा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, बोटे जातात, असे ते म्हणाले. रबरी कड्याला त्यांनी ग्रीस लावू दिले नाही, पेट्रोलही नाही. खनिज तेलाने ते रबर फुगते. ताज्या ब्रेकच्या द्रवातच ते भिजवून बसवावयाचे.

एका जागी मात्र मी मध्ये पडलो. पॅड हातात घेऊन मिस्त्रींनी सवयीने त्यावरील काळी भुकटी तोंडाने फुंकण्यासाठी ते उचलले, तो मी त्यांचा हात धरला. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. डर्बीशायरमधील हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ साली ब्रेकच्या अस्तरांचा धंदा सुरू केला आणि पुढे दहाएक वर्षांत त्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस आले. उष्णता सोसणारे, स्वस्त आणि आवाज न करणारे म्हणून ते जगभर पसरले, आणि तबकडीच्या पॅडांतही आले. १९२४ साली रॉचडेल येथे नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी स्त्री तेहतिसाव्या वर्षी मरण पावली. तिच्या फुप्फुसांत त्या खनिजाचे कण सापडल्याचे डॉ. विल्यम कुक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. तिला किंवा तिच्या कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. ब्रिटनमध्ये या पदार्थावर पूर्ण बंदी आली ती १९९९ साली. मधल्या पंचाहत्तर वर्षांत जगातील किती मिस्त्रींनी ही भुकटी फुंकली असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. शर्यतींच्या वेगाचा मात्र शतांश मैलापर्यंत ठेवलेला आहे.

मिस्त्री काही वेळ पॅडाकडे पाहत राहिले. "आमचे उस्ताद शेवटची सहा वर्षे खोकतच होते," ते म्हणाले, "आम्ही म्हणायचो, विडीमुळे." उस्तादांना काय झाले होते हे आज कोणी सांगू शकणार नाही. मिस्त्रींनी मात्र बादलीतील पाण्यात फडके बुडविले, भुकटी ओल्यानेच पुसली आणि फडके पिशवीत बांधून ठेवले.

नवे दट्टे, नवी कडी व नवी नळी घालून संध्याकाळी डावे चाक हाताने फिरू लागले. पट्टी दाबली की थांबे, सोडली की पॅडाचा किंचित सरसर आवाज करीत पुन्हा फिरे. उजव्या बाजूची कडी त्या मापाची मिळाली नव्हती, ती येईपर्यंत गाडी चालवावयाची नाही असे मिस्त्रींनी बजावले, आणि आम्ही ती ढकलतच गॅरेजच्या दारापर्यंत, उन्हाच्या पट्ट्यात आणून उभी केली.